निंबाखालच्या अर्ध्या सावलीत हार्डी जिरेनियम येईल का? विदर्भातल्या अंगणासाठी सविस्तर उत्तर

ताई, तुम्ही विचारलं की दारव्ह्याकडे तुमच्या घराच्या सांदवाडीत जुना निंब आहे, एका बाजूनं गोठा, दिवसभर अर्धं ऊन अर्धी सावली, तिथं गुलाब-शेवंती काही टिकत नाही, अन् नणंदबाई इंग्लंडातून फोटो पाठवून राहिल्या ते निळ्या फुलाचं हार्डी जिरेनियम, दरवर्षी आपोआप फुटणारं, ते तिथं लावलं तर येईल का, अन् दिवाळीला त्या येतील तेव्हा मुळ्या किंवा बी घेऊन आल्या तर चालते का. जमिनीत कायमचं लावायचं असेल तर नाही येणार, हे पहिलेच सांगतो, तुम्ही पैसे अन् जीव लावायच्या आधी. कुंडीत, हिवाळ्यापुरतं, थोडी मेहनत घेतली तर जमते. अन् निंबाखालची ती जागा मात्र रिकामी ठेवू नका, तिथं तसंच दिसणारं, तसंच जमीन झाकणारं अन् पावसासोबत स्वतःहून परत फुटणारं बरंच काही येते, त्याच्याबद्दल खाली जास्त लिहिलं आहे कारण तुमचं खरं काम तिथंच होणार आहे.

आधी झाड कोणतं ते पक्कं करू, कारण आपल्याकडे जिरेनियम म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टी लोकांच्या डोळ्यासमोर येतात. नर्सरीत हिवाळ्यात लाल-गुलाबी गुच्छाची कुंडी मिळते ते जिरेनियम नाही, पेलार्गोनियम आहे, मूळ दक्षिण आफ्रिकेकडचं. शेतकरी तेलासाठी लावतात ते सुगंधी जिरेनियमसुद्धा पेलार्गोनियमच. लिनियस नावाच्या स्वीडनच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं १७५३ मध्ये दोघांना एकाच वंशात टाकलं होतं, १७८९ मध्ये लेरिटिए नावाच्या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञानं पेलार्गोनियम वेगळं काढलं, पण तोवर बाजारात नाव बसून गेलं होतं ते आजपर्यंत तसंच आहे. ओळखायचं सोपं आहे, खऱ्या जिरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या असतात, पेलार्गोनियमच्या वरच्या दोन अन् खालच्या तीन वेगळ्या दिसतात. तुमच्या फोटोतलं निळसर-जांभळं, मधात पांढुरकं फूल, जमिनीलगत पसरलेलं, ते मला तरी रोझान वाटते. ही जात इंग्लंडातल्या समरसेट परगण्यातल्या एका घरगुती बागेत सापडली, २००० साली बाजारात आली, अन् २०१३ मध्ये लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शो या फुलांच्या प्रदर्शनाच्या शताब्दीला शतकातलं झाड म्हणून तिची निवड झाली. म्हणजे नणंदबाईंची पसंती काही साधीसुधी नाही.

अन् तुम्हाला आनंद वाटेल अशी गोष्ट म्हणजे रोझानचे दोन्ही पालक आपल्या हिमालयातले आहेत, जिरेनियम हिमालयेन्स अन् जिरेनियम वॉलिचियानम. त्यामुळे पुष्कळ लोक म्हणतात की भारतातलंच आहे तर भारतात येईलच. पण ही झाडं काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात अडीच-तीन हजार मीटर उंचीवर वाढतात, आपलं चिखलदरा कसंबसं अकराशे मीटर, अन् दारव्हा तर सपाटीवरचं. तिथं हिवाळ्यात वरची पानं मरून जातात, मुळ्या बर्फाखाली झोपतात अन् बर्फ वितळला की नवीन पानं फुटतात, सगळं जीवनचक्र त्या झोपेवर बांधलेलं आहे.

हार्डीपणाचं, म्हणजे थंडी सोसण्याचं, जे माप पुस्तकात अन् लेबलवर देतात, झोन ४ ते ८ किंवा ५ ते ८, ते फक्त हिवाळ्यात पारा किती खाली गेला तरी झाड जगते याचं आहे. झोन ८ म्हणजे हिवाळ्यातलं सरासरी किमान तापमान उणे ७ ते उणे १२ च्या आसपास. उन्हाळा किती सोसते हे त्या आकड्यात कुठंच नसते. आपला त्रास नेमका तिकडूनच आहे. दिवसाचे ४४-४५ डिग्री तर आहेतच, पण माझ्या मते त्याच्यापेक्षा रात्र जास्त मारते. मे महिन्यात आपल्याकडे रात्रीसुद्धा पारा २८-३० च्या खाली यायला तयार नसते, झाड दिवसा जे अन्न बनवते ते रात्रीच्या श्वसनातच खर्च होऊन जाते, मुळात साठवलेलं असते तेही खाऊन टाकते, अन् लोकांना वाटते पाणी कमी पडलं म्हणून ते आणखी पाणी ओततात. मंग मृग लागला की काळी माती फुगते, हवा कोंडते, अन् जो काही अर्धमेला गड्डा उरला असेल तो गरम ओलाव्यात सडून जाते. जूनमध्ये जिवंत दिसलेलं झाड जुलैमध्ये हातात धरलं की बुडातून निघून येते. तेलाच्या जिरेनियमलाही पावसाळाच नडतो, म्हणून लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेनं मैदानी भागातल्या शेतकऱ्यांसाठी मातृरोपं, म्हणजे ज्यांच्यापासून पुढची रोपं करायची ती, पावसाळाभर आडोशाखाली वाचवायची पद्धत काढली, अन् ते तर आफ्रिकेकडचं, बरंच उष्णता सोसणारं झाड.

आता सावलीचं. तिकडच्या पुस्तकात जे पार्शल शेड लिहिलेलं असते ते वाचून आपण निंबाखाली लावायला जातो, पण दोन्हीकडचा सूर्य सारखा नाही. समरसेटला भर उन्हाळ्यात दुपारी सूर्य आकाशात साधारण ६२ अंशांवर चढते, त्याच्या वर नाही. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारचा सूर्य ४५ अंशांच्या वर असते, अन् मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तर नेमका डोक्यावर येते, उभ्या काठीची सावली पडत नाही. म्हणजे तिकडचं भर ऊन आपल्याकडच्या अर्ध्या सावलीसारखं आहे अन् आपली मे महिन्यातली सावलीसुद्धा लू घेऊन येते.

त्यात अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, सावली जागेवर राहत नाही. मेअखेरपासून जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या थोडा उत्तरेला असते, उगवते ईशान्येला अन् बुडते वायव्येला, त्यामुळे घराची उत्तरेची भिंत, जिला आपण वर्षभर थंड समजतो, तिच्यावर बरोबर त्याच दिवसांत सकाळ-संध्याकाळ ऊन पडते, अन् संध्याकाळचं ते वायव्येचं ऊन लय जहाल. अन् निंबाचं काय, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पानं झाडते, म्हणजे ऊन तापायला लागते तेव्हाच सावली विरळ होते, पालवी भरेपर्यंत खालच्या नाजूक झाडांची पानं करपून निघतात. तुमची शेवंती-गुलाब टिकत नाही त्यातलं निम्मं कारण हे असेल, निम्मं निंबाच्या मुळ्या.

तरी हिवाळ्यासाठी एक कुंडी करायचीच असेल तर करा, मी अडवत नाही, ते निळं फूल खरंच मनात भरणारं आहे. बियाण्याच्या पाकिटाच्या मागे लागू नका. रोझान वांझ जात आहे, तिला बी धरतच नाही, रोपं मूळ फोडून नाहीतर टिश्यू कल्चरनं, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या बारीक तुकड्यापासून, करतात, तेव्हा ऑनलाइन कुठं रोझानचं बी म्हणून निळ्या फुलाचा फोटो लावून विकत असतील तर ते घेऊ नका. दुसऱ्या जातींचं बी मिळते, पण त्याचं टरफल कडक असते, सँडपेपरवर हलकं घासायचं, रात्रभर भिजवायचं, ओल्या कोकोपीटमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये नाही, तीन-चार आठवडे ठेवायचं अन् मंग पेरायचं, अन् एवढं करून बहुतेक जाती पहिल्या वर्षी नुसती पानंच देतात, फूल दुसऱ्या वर्षी, अन् दुसऱ्या वर्षाच्या आधी मधात आपला मे महिना येते. म्हणून पहाडी भागातल्या नर्सरीतून तयार रोप मागवायचं, तेही ऑक्टोबरअखेर किंवा तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, त्याच्या आधी प्रवासातच उकडून जाते.

नणंदबाईंना मात्र आत्ताच फोन करून सांगा की बॅगेत मुळ्या, रोप, बी काहीच आणू नका. बाहेर देशातून लावायचं साहित्य आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना अन् तिकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोपाला रोग-कीड नसल्याचा दाखला, लागते, विमानतळावर काढून घेतात ते तर सोडाच, पण मातीसोबत एखादी बुरशी किंवा कीड आली तर ती तुमच्या सांदवाडीपुरती राहत नाही, शेजारच्या वावरात जाते.

कुंडी मातीची घ्या, दहा-बारा इंची, प्लास्टिकची नको, मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी उडते अन् मुळं थंड राहतात. वावरातली काळी माती त्यात अजिबात नको. नदीची जाड रेती एक भाग, चाळलेला मुरूम किंवा लाल माती एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग अन् मूठभर निंबोळी पेंड. शेणखत कच्चं असेल, हातात घेतल्यावर गरम लागत असेल, तर वापरू नका. हिवाळ्यात कुंडी सावलीत ठेवायची गरज नाही, पूर्वेच्या ओट्यावर सकाळपासून दुपारपर्यंतचं ऊन मिळू द्या, निंबाखाली फूल कमी येईल. पाणी वरची माती बोटभर सुकली की मंगच. अन् एक सांगतो, पुष्कळ जण कुलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालतात, कुंडीला ते घालू नका. बोअरचं पाणी आधीच जड, कुलरमध्ये ते उडत-उडत क्षार मागे ठेवते, तेच पाणी कुंडीत गेलं की मातीवर पांढरी खपली येते अन् पानांच्या कडा जळतात.

फेब्रुवारीत फुलं आली तर भरपूर पाहून घ्या. मार्चमध्ये फुलं संपली की पानं जमिनीपासून दोन बोटं ठेवून छाटा, कुंडी घरातल्या सगळ्यात थंड जागी, रांजणाजवळ वगैरे, मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत ओली रेती भरा, अन् आतल्या मातीला पाणी अगदी कमी. याच्यानं एखादा गड्डा पाऊस पाहते, बरेच नाही पाहत. मी स्वतः हे दरवर्षी कोणाला करायला सांगत नाही. तुमच्या नात्यातलं कोणी चिखलदऱ्याला राहत असेल तर उन्हाळ्यापुरती कुंडी तिथं नेऊन ठेवणं हे त्याच्यापेक्षा बरं.

आता निंबाखालची जागा. तिथं वाफा करायचा म्हणून सब्बल घेऊन सगळी जमीन खोदू नका, निंबाच्या अन्न घेणाऱ्या बारीक मुळ्या वरच्या फूटभर थरातच असतात. खोडाला लागून माती चढवू नका, साल सडते. मोठ्या मुळ्यांच्या मधात जिथं जागा सापडेल तिथं घमेलंभर आकाराचे खड्डे करा, त्यात चांगली माती अन् शेणखत भरा अन् खड्ड्या-खड्ड्यानं लावा, वर्ष-दोन वर्षांत झाडं एकमेकाला भिडतात अन् वाफ्यासारखंच दिसते. वावरातल्या ठिबकची जुनी नळी पडली असेल तर ती फिरवून टाका, कारण निंब स्वतः पाणी ओढते अन् हलका पाऊस पानांतच अडवते, खाली पोचूच देत नाही. वरून गळलेला निंबाचा पाला अन् सोयाबीनचं कुटार बोट-दोन बोटं पसरा. उन्हाळ्यात कोरड्या कुटाराखाली उधई लागते, म्हणून एप्रिलपासून ते खोडापासून वीतभर दूर सरकवा.

फुलांमध्ये माझी पहिली पसंती अबोली. अर्ध्या सावलीत इतकं सलग फुलणारं, दीड-दोन फुटांच्या आत राहणारं बारमाही झाड आपल्या हवेत दुसरं मला माहीत नाही, रोझानचं तिकडे जे काम आहे ते आपल्याकडे अबोली करते. त्यातली दिल्ली अबोली म्हणून जात मिळते, गडद केशरी रंगाची, ती ट्रिप्लॉइड आहे, म्हणजे तिच्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, म्हणून तिलाही रोझानसारखं बी धरत नाही, सगळी ताकद फुलाला लागते, कटिंगनंच करावी लागते, पावसाळ्यात कटिंग सहज लागते. साध्या अबोलीचं बी पडून आपोआप रोपं उगवतात तेही सोयीचं. अबोलीला एकच मोठा त्रास, मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी, झाड पिवळं पडून बसकं राहिलं की उपटून मूळ पाहा. उपाय म्हणून लावतानाच खड्ड्यात निंबोळी पेंड टाका, अन् ज्या जागी वांगी-टमाटे लावत होते तिथं अबोली नको, तिथं सूत्रकृमी आधीच बसलेली असते. दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवा. उन्हाळ्यात तिला दोन-तीन दिवसांनी पाणी लागतेच, त्यात हयगय चालत नाही.

निळाच रंग पाह्यजे असेल तर निळी कोरांटी लावा. पाऊस सरला की फुलायला लागते अन् डिसेंबरपर्यंत चालते, तीच पांढरी अन् गुलाबीही येते. पिवळी कोरांटी काटेरी असते, ती कुंपणाला ठेवा, पायवाटेजवळ नको. कोरांटीला उन्हाळ्यात पाणी नाही मिळालं तरी पानं गाळून उभी राहते अन् पहिल्या पावसात फुटते. जानेवारीत फुलं संपली की अर्ध्यावर छाटा नाहीतर खालून बोडकी होते. दिसायला जिरेनियमच्या जवळ जाणारी म्हणाल तर रस्त्याकडेला जांभळट निळं फूल येते ती रुएलिया, जिच्या शेंगा ओल्या केल्या की तडतड फुटतात म्हणून पोरं खेळतात. तिला जाड मुळ्या असतात, वरचं सगळं वाळलं तरी मुळी जमिनीत जगते, म्हणजे हिमालयातलं झाड बर्फासाठी जे करते तेच ही आपल्या उन्हाळ्यासाठी करते. फूल सकाळीच, दुपारी गळून जाते. पण पसरते लय, त्याच फुटणाऱ्या शेंगांमुळे, म्हणून गोठ्याच्या मागची बाजू तिला द्या, तुळशीजवळ आणू नका.

त्यांच्या मधात हंगामी भर घाला. फुटबॉल लिलीचे कंद, मृगाच्या आगेमागे लाल गोळा येते अन् सावलीतच छान राहते, हिवाळ्यात कंद झोपते तेव्हा पाणी नको. पावसाळ्यात तेरडा. गुलबक्षी, खाली गाजरासारखं मूळ असते, संध्याकाळी उघडते, गोठ्यातून दूध काढून येता त्या वेळी. कडेला पानओवा, त्याची भजीही होतात. रानहळद लय सुंदर दिसते पण ती जंगलातून उपटून आणू नका, कोणा लागवड करणाऱ्याकडून गड्डा घ्या. कळलावी कोणी कितीही सुंदर म्हणून दिली तरी गोठ्याजवळ लावू नका, तिचा कंद फार विषारी, जनावर दगावते. फुटबॉल लिलीचा कंदही विषारीच, म्हणून तो शेळ्यांच्या तोंडापासून अन् लहान पोरांपासून दूर, निंबाच्या पलीकडच्या बाजूला.

सावलीतल्या लागवडीचं कसब शिकायचं असेल तर अंजनगाव सुर्जीकडचे पानमळे एकदा जाऊन पाहा. तिथले लोक पानवेल अन् पानपिंपळी सावलीखाली घेतात, अन् सावली नुसती आहे म्हणून सोडून देत नाहीत, कोणत्या महिन्यात किती ऊन आत येऊ द्यायचं ते फांद्या छाटून ठरवतात. तुम्हीही निंबाच्या अगदी खालच्या, पूर्वेकडच्या दोन-चार फांद्या पोळ्याच्या सुमारास काढल्या तर सकाळचं ऊन आत येईल अन् अबोली-कोरांटीला हिवाळाभर फूल जास्त लागेल. पश्चिमेच्या फांद्यांना हात लावू नका, उन्हाळ्यातल्या दुपारनंतरच्या उन्हाला त्याच अडवतात. नवतपाच्या आधी पश्चिमेकडून हिरवी जाळी बांधली तर आणखी चांगलं, नवीन झाडांना पहिल्या उन्हाळ्यात ती बांधाच.

अन् खेड्यातल्या घरासाठी एक गोष्ट जी तिकडच्या बागेत कोणी लिहिणार नाही. जमीन झाकणारी दाट झाडं म्हणजे विंचू-सापाला थंड जागा. दाराच्या, ओट्याच्या अन् गोठ्याच्या भिंतीपासून तीन फूट पट्टा साफ ठेवा, तिथं कुटारही नको. वाफ्यात हात घालायच्या आधी काठीनं हलवा, रात्री तिकडे टॉर्चशिवाय जाऊ नका. कोंबड्या मोकळ्या असतील तर त्या कुटार उकरून नवीन रोपं उघडी पाडतात, पहिले दोन महिने खड्ड्याभोवती पऱ्हाट्या रोवून द्या.

आता तुम्ही लगेच काय करायचं ते. एका सुटीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा अन् चार वाजता निंबाखाली सावली कुठपर्यंत आहे तिथं दगड ठेवून खूण करा, प्रत्येक वेळेचा फोटो काढा, अन् महिनाभरानं परत तेच करा. जिथं तिन्ही वेळा सावली आहे तिथं फक्त फुटबॉल लिली, पानओवा ठेवा. जिथं सकाळी ऊन अन् दुपारी सावली आहे ती सगळ्यात चांगली जागा, तिथं अबोली. जिथं चार वाजताचं ऊन पडते तिथं कोरांटी. मातीचाही एक फोटो पाठवा, फूटभर खड्डा करून त्यात बादलीभर पाणी ओतून, किती वेळात जिरलं तेही लिहा, रात्रभर पाणी उभं राहत असेल तर अबोली खड्ड्यात नाही, वीतभर उंच गादीवाफ्यावर लावावी लागेल, अन् मंग गादीवाफ्याची माती निंबाच्या खोडापासून चार फूट दूरच ठेवायची.